सवतीच्या लेकीला भरवताना

१२ जून
आज पुन्हा भरवलं. दार लोटून. गिनी कोंबडीचं अंडं उकडून चवळीत कुस्करलं, वर शेवग्याच्या वाळल्या पाल्याची चिमूट. तियुम्बानं माझी बोटं चाटली. दोन वर्षांची होत आली, अजून रांगतेच. उचलली तर वजन लागत नाही. तळहात पांढरे, ओठ पांढरे.

पोर माझी नाही. सवतीची — अझाराची. अझारा दुपारी पाण्याला गेली की ही माझ्या दाराशी येते.

१५ जून
दवाखान्याच्या वुनपिनी नावाच्या नर्सनं कडुलिंबाखाली बायकांना जमवलं. म्हणाली, नुसत्या मक्याच्या पेजेवर पोरांचं रक्त वाढत नाही. अंडं द्या, मासळी द्या, पाला द्या. सासूबाईही तिथं होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, अंड्याची चटक लागलेलं पोर चोर निघतं. अझारानं खाली मान घालून पेज ढवळली. रात्री मांस पुरुषांच्या ताटात, पोरीच्या वाटीत रश्शाचं पाणी. नेहमीसारखं.

मी काही बोलू शकत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी कूस रिकामी. अशा बाईनं सवतीच्या पोराला काही चारलं तर इथं तिला काय म्हणतात, ते मला माहीत आहे.

तरी उद्याचं अंडं बाजूला ठेवलंय.

२१ जून
सापडले!

सासूबाई मीठ मागायला आल्या आणि दार ढकललं. पोरीच्या हनुवटीला पिवळं लागलेलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, ‘सनातू, काय घातलंस तिला?’ मी सांगितलं. त्यांनी पोर उचलली, पदरानं तिचं तोंड खसाखसा पुसलं आणि गेल्या.

अझारा चूल फुंकत होती. वर बघितलंसुद्धा नाही.

२४ जून
तियुम्बाला ताप.

शेजारीण मला बघून आपलं पोर आत घेऊन गेली.

२६ जून
सकाळी पोरीला धाप लागली. तीनचाकीत घालून मोठ्या इस्पितळात नेली. मला कुणी चल म्हटलं नाही, मीच चढले.

डॉक्टर म्हणाले, रक्त चढवावं लागेल, लगेच. अझाराचंच रक्त कमी निघालं. नवरा दूर दक्षिणेत, कुमासी शहरात हमालीला. माझं जुळलं. सासूबाई मध्ये उभ्या राहिल्या — ‘हिचं रक्त माझ्या नातीच्या अंगात नको.’ डॉक्टरांनी अझाराकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘घ्या.’ माझ्याकडे न बघता.

२७ जून
डोळे उघडले तिनं! दूध मागितलं!

डॉक्टरांनी सासूबाईंना समजावलं. मलेरिया झाला, पोटात जंत आहेत, अंगात रक्त आधीपासूनच कमी. अंड्यानं काही बिघडलेलं नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर व्हरांड्यात मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, आधी रक्त प्यायचं आणि मग परत द्यायचं, हेही त्यांना जमतं.

‘त्यांना’ म्हणजे चेटकिणींना.

२ जुलै
पोर घरी आली. मला तिच्याजवळ जायची बंदी.

सासऱ्यांचे भाऊ याकुबूकाका शुक्रवारी माझ्या निवाड्याची बैठक बसवणार. नवऱ्याला फोन केला. म्हणाला, काका म्हणतील तसं. चेटकीण ठरलेल्या बायकांना ज्या गावात नेऊन सोडतात, तिथं माझ्या आईची बहीण गेली होती. परत आली नाही.



४ जुलै
बैठक झाली. काका मला विचारणार, तेवढ्यात अझारा उभी राहिली. पोर कडेवर.

‘घरात पाणी असायचं. तरी मी हंडा घेऊन निघायचे, पोरीला सनातूच्या दाराशी सोडून. ही काय भरवते ते मला पहिल्यापासून माहीत होतं. मला सासूबाईंपुढे धीर नव्हता. हिला घालवायचं असेल तर आधी मला घालवा.’



मग सगळ्यांदेखत तिनं पोर माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, ‘भूक लागलीय तिला.’