मधली खुर्ची

बाबा, आज दादा येऊन गेला. जळगाव जामोदहून सकाळच्या एसटीनं बुलढाण्याला आला, चहा संपायच्या आत उठला आणि म्हणाला, "दाखव तुह्ये डबे." मी निवृत्त झालो म्हणून मुलीनं दोन सबवूफर पाठवलेत, नुसता खर्ज वाजवणारे पेटीसारखे स्पीकर. ते घरच्या स्टीरिओला जोडायचे होते. खरं तर मला ते स्वतःच जोडायचे होते. आठवडाभर मी ते या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवत होतो, पण कोपऱ्यात सगळं नुसतं घुमायचं. तबल्याचा डग्गा कुठला आणि शेजारची पिठाची गिरणी कुठली ते कळेना. शेवटी बायकोनं मला न विचारता दादाला फोन केला.

आल्या आल्या त्यानं काय केलं ते तुम्ही ओळखालच. मी ऐकायला बसतो त्या खुर्चीवर एक डबा ठेवला, गाणं लावलं आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेनं रांगायला लागला. मधेच थांबतो, तळहात भिंतीला लावतो, डोळे मिटतो. "माणूस बसते तिथं डबा ठेवायचा, अन् डबा ठेवायचा तिथं माणसानं फिरायचं. जिथं खर्ज मोकळा ऐकू येते, ती डब्याची जागा." जणू हे त्यालाच सुचलं होतं. तुमचं वाक्य, बाबा. तळहातही तुमचाच, अंगठा बाहेर काढून पसरलेला. मी सोफ्याशी उभा राहून पाहत होतो आणि या वयात आतून जळत होतो. चेहरा माझ्याकडे आला असं सगळे म्हणतात. हात त्याच्याकडे गेले.

तुमच्या लाउडस्पीकरच्या धंद्यात मला कधी जागा नव्हती. लग्नाचा मांडव पडला की दादा तुमच्याबरोबर वायरी ओढायचा, प्लायवूडचे ते दोन मोठे डबे मांडवाच्या दोन अंगांना उभे करायचा. मी जवळ गेलो की तुम्ही हातातला टेस्टर माझ्यावर रोखायचात. "इथं काऊन आला बे? जाय, मधात बस." मांडवाच्या बरोबर मधोमध, जिथं म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बाया आणि झोपलेली लेकरं असायची, तिथं तुम्ही स्वतः माझी लोखंडी खुर्ची मांडायचात. डब्यांपुढं पोरं नाचत असायची, आणि दादा मालकासारखा डब्याला टेकून उभा असायचा. माझ्यापर्यंत नुसतं वरवरचं गाणं यायचं, पाणी घातलेल्या वरणासारखं. पुढं मी वर्तमानपत्रात गेलो. माझ्या बातम्या तुम्ही चष्मा लावून वाचल्यात, लोकांना वाचून दाखवल्यात. पण तुम्ही गेलात तेव्हा डबे, भोंगे आणि तो टेस्टर दादाकडे राहिले, आणि त्याबद्दल घरात कुणाला एक शब्द बोलावा लागला नाही.

तर, दादानं डाव्या आणि उजव्या भिंतीशी समोरासमोर जागा धरल्या. अ‍ॅम्प्लिफायरपासून दोन्ही डब्यांना वायरी नेल्या, पाठीमागची बटणं फिरवली आणि म्हणाला, "बस आता, राजा." मी बसलो. गाणं सुरू झालं, खिडकीची काच थरथरली. स्वयंपाकघरातून ही ओरडली, "अहो, मांडणीवरचे गिलास चालून राह्यले!" आणि खुर्चीत मला काहीच नाही. मान डावीकडे नेली की थोडी धमक, मधे आणली की तेच पाणचट वरण.

"दादा, इथं बेसच येत नाही."

"मंग? बरोबर लागलं ना."

"बरोबर कसं? ऐकणारा तर मीच आहे!"

तो कपाळावर हात मारून हसला. "हात्तिच्या! सवयीनं एक उलटा लावला बे. बाबा तसाच लावत."

मग त्यानं समजावलं. एक डबा हवा पुढं ढकलतो तेव्हाच दुसरा ती मागं ओढेल असं जोडलं, की बरोबर मधल्या पट्ट्यात दोघांचा खर्ज एकमेकाला मारून टाकतो. मांडवात तुम्ही ते मुद्दाम करत होतात. "म्हाताऱ्यायच्या छातीत धडकी नको, लेकरं उठाले नको, अन् तुह्ये कान खराब व्हाले नको. आधी सोता त्या खुर्चीत बसून पाहत बाबा, मंग तुले बसवत."

"मला कधी बोलले नाहीत."

"मले तरी कुठं बोलले, की तू जराक दूर उभा राय म्हणून?" हे तो हसतच म्हणाला, पण उजवा कान माझ्याकडे वळवून. डाव्यानं त्याला आता ऐकू येत नाही. "तुले खुर्ची भेटली, मले डबा भेटला. चाल, हो बाजूले."

त्यानं एका डब्याचं बटण फिरवलं आणि खर्ज खुर्चीत आला. डग्गा डग्ग्यासारखा वाजला. मी मस्त म्हणालो आणि ते मस्तच होतं. दुपारच्या गाडीनं तो परत गेला. एसटी स्टँडवर त्याच्या डाव्या बाजूला उभा राहून मी काहीतरी बोललो, ते त्याला कळलं नाही. मीही पुन्हा बोललो नाही.

आता मला बरं वाटायला हवं. जिथं बसवण्याला इतकी वर्षं मी हाकलणं समजलो, ती तुम्ही माझ्यासाठी आधी बसून पाहिलेली जागा होती, आणि दादाला तशी जागा मिळालीच नाही. छापायचा मजकूर असता तर मी इथंच थांबलो असतो. पण हे पत्र कुठंच जाणार नाही, दादाच्या हाती तर नाहीच, म्हणून पुढचंही लिहितो. संध्याकाळी ही भाजी आणायला गेली. मी खुर्चीत बसलो नाही. आवाज वाढवला, डाव्या डब्याशेजारी फरशीवर बसलो आणि दादा टेकायचा तशी पाठ टेकवली. पाठीतून छातीपर्यंत धडधड गेली. हेच ते होतं, आणि त्यासाठी एक कान मी तेव्हा दिला असता, आजही देईन. बराच वेळ बसलो होतो. कुणी हाकलायला आलं नाही.