पन्नासच्या पाटीजवळ

तारीख अकरा, बुधवार

पोरीच्या गोल्फच्या स्विंगमध्ये काही खोट नाही. तिला रोज दोनशे बॉल मारायला लावणं आधी बंद कर, मग पुढचं वाच.

चिरंजीवांना आशीर्वाद. सूनबाईलाही, तिने निदान चार ओळी तरी पाठवल्या. मी बरी आहे. उजवा हात अजून गळ्यात बांधलाय, म्हणून हे डाव्या हाताने लिहितेय. अक्षराला हसू नकोस, उजव्याचंही काही मोत्यासारखं नव्हतं. फोन केला की "क्लास चालू आहे" म्हणून ठेवतोस. पत्र तसं ठेवता येत नाही.

सूनबाई लिहिते, ठकीचा लांब काठीचा, ड्रायव्हरचा फटका बिघडलाय, बॉल उजवीकडेच जातो, आणि निवडीचा सामना दहा दिवसांवर आलाय. तू तिची पकड बदललीस, पाय बदललेस, बॉलखालची टी उंच केलीस, आता काठीच नवी आणणार म्हणे. उद्या पोरगीही बदलून आणशील.

एकोणीस वर्षं मी क्लबच्या त्या सरावाच्या मैदानात बॉल वेचतेय. तुम्ही मास्तर लोक मारणाऱ्याच्या पाठीशी उभे राहता, मी बॉल पडतो तिथे असते. बादली भरता भरता कळतं कोण कसा मारतो. कंबर न वळवता नुसत्या हातांनी ओढला की बॉल उजवीकडे पळतो. डोकं लवकर वर केलं की गवतातून सरपटत येतो. ठकी आता दोन्ही करते. का करते, ते विचारलंस? नाही. "घाबरट" म्हणालास, तेही चार लोकांत.

ती मारायच्या आधी बघते, समोर कोण आहे.

बाथरूममध्ये पाय घसरला असं मी सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरलासुद्धा. ते खोटं होतं. गेल्या महिन्यातल्या त्या शनिवारी मी पन्नास यार्डांच्या पाटीजवळ बॉल वेचायला वाकले होते. वारा माझ्याकडे होता, सगळं ऐकू येत होतं. ठकी थांबली. "बाबा, आजी आहे तिथे." तुझ्याशेजारी क्लबचे ते नवे साहेब उभे होते. तू म्हणालास, "मार. समोर कोणी नाही."

पोरीने मारला. बॉल खालून आला, सरळ खांद्यावर. आम्ही वेचत असताना लोक मारतातच, काही तर आमच्यावरच नेम धरतात. त्यांचं मला काही वाटत नाही, ते परके आहेत.

मी खाली बसले आणि डावा हात हलवून दाखवला, काही झालं नाही म्हणून. तू पाठ फिरवलीस. त्या साहेबांसमोर तुझी आई म्हणून उठून यायची हिंमत मलाही झाली नाही. तुझ्याइतकाच माझाही राग येतो मला.

आता ऐक. ठकीला मैदानावर ने. वेचणाऱ्या सगळ्या बायकांना आधी बाहेर काढ. मग त्या साहेबांसमोर तिला सांग, त्या दिवशी तिथे माझी आई होती, तू बरोबर बोललीस, मी चुकलो. आणि मग म्हण, मार. कंबर कशी वळते ते बघ. तुला काही शिकवावं लागणार नाही.

तुझी आई

ता. क. हे केलंस की नाही, ते तू कळवू नकोस. सूनबाईनेही नको, ती तुझंच सावरून घेते. उत्तर ठकीने लिहायचं. तू फक्त पाकीट चिकटव, तेही न वाचता.