पालकाशिवाय वर्गात प्रवेश नाही

जळगाव, ६ जानेवारी २०२५

ती. आबांस,
सविनय जय भीम, वि. वि.

फोनवर तुम्हाला ‘हॅलो’च्या पुढचं ऐकू येत नाही, म्हणून पत्र. तब्येत जपता ना?

प्राचीच्या तबल्याच्या बाई, पुष्पाबाई, यांचा नियम कडक आहे. शिकणाऱ्याशेजारी त्याच्या घरच्या मोठ्या माणसाने सतरंजीवर बसून हाताने ताल धरायचा. मी इमानेइतबारे बसतो. पण माझा हात पळतो, आणि पोरगी माझ्याच हाताकडे बघून वाजवते. काल सगळा वर्ग समेवर आला, तेव्हा आम्ही बापलेक केव्हाच पोचून बसलो होतो. बाईंनी मला बाहेर पायरीवर काढलं. पप्पा नाही तर मीही नाही म्हणत प्राचीही उठून आली. प्रज्ञा शेजारी बसायला तयार आहे, पण हिला मम्मी नको, पप्पाच हवेत.

आबा, तिच्या हातात तुमची ढोलकी आहे असं बाई म्हणतात. माझ्यापायी ती सुटली तर फार वाईट वाटेल. काहीतरी उपाय सांगा. आणि इकडे राहायला कधी येता?

तुमचा,
बुद्धभूषण

धुळे, ११ जानेवारी

चि. बुद्धभूषण यास जय भीम व आशीर्वाद.

पत्र वाचून पोट धरून हसलो. आमच्या गायन पार्टीत तू टाळ्या द्यायला लागलास की तुझी आई ओरडायची, याला उठवा, हाऊ बठ्ठं गानं पळावस! सगळं गाणं पळवणारा तू, पोरीचा काय दोष रे?

ताल पत्रातून शिकवता येत नाही. बाईंच्या पाया पड आणि स्वतःच शिकायला बस. लाजतोस कशाला?

राहायला यायचं मात्र काढू नको. तिथे मी करू काय? इथे सकाळी चहाला चिंधा येतो. भांडायला हक्काचं माणूस लागतं. सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
आबा

जळगाव, १९ जानेवारी

प्रिय आबा,
जय भीम.

बाईंनी पप्पांना विद्यार्थी म्हणून घेतलं. पण म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा, पालक कुठाय? पप्पा म्हणाले, मलाच मुलगी आहे. बाई म्हणाल्या, त्याने काय होतं? मम्मी म्हणाली, मी त्यांची पालक नाही, तेवढं तरी नको. मी बसते म्हटलं, तर बाई डोळे मोठे करून बघायला लागल्या.

म्हणून आज परत आम्ही दोघं पायरीवर. पप्पा कुणाला सांगत नाहीत, पण त्यांना रडू येत होतं. त्यांचे पालक तुम्हीच ना? मग या ना. मला तबला सोडायचा नाहीये.

तुमची लाडकी,
प्राची

धुळे, २३ जानेवारी

चि. प्राचीस आबाचा जय भीम आणि गोड पापा.

शनिवारच्या एसटीने निघतो. चिंधाला सांगितलंय, मी परत येईपर्यंत दुसऱ्या कुणाशी भांड. तो रुसलाय, रुसू दे.

बाईंना सांग, बुद्धभूषणचा पालक येतोय. माझ्यासाठी खुर्ची बिर्ची मांडू नका म्हणावं. आणि पप्पाला सांग, मी तुना बाप शे, तुना शेजारीच बसणार, सतरंजीवर. आणि रविवारी वर्गाला निघण्याआधी तेवढी त्याची नखं बघ गं. लहानपणी कधीच कापू द्यायचा नाही.

तुझा आणि त्याचा,
आबा