नंदांगचा हजारावा दिवस

१२ ऑक्टोबर २००८, रविवार

आजपासून रोजनिशी. बँड पुन्हा उभा करायचा तर नोंदी हव्यात. पुढे कोणी इतिहास लिहिलाच, तर तारखा चुकायला नकोत.

ठरवलं : नंदांगच्या हजाराव्या दिवशी, त्याच्याच गल्लीत, त्याचं अर्धं राहिलेलं गाणं वाजवायचं. चौघांपैकी तिघे उरलो आहोत. तिघे पुरेत. त्याचे ड्रम्स टेपवर आहेत.

तो गेला १२ मार्च २००६ ला. तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा, प्रार्थनेचे सगळे दिवस झाले. मला एकदाही जमलं नाही. गिरणीतल्या पाळ्या. हजारावा शेवटचा. तो चुकवायचा नाही. वहीत मोजला : ६ डिसेंबर, शनिवार.

इमास म्हणाली, त्याच्या आईला एकदा विचारून घ्या. बायकोला बँडमधलं कळत नाही. मोजणं हे माझं काम आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बँडचा इतिहास, थोडक्यात.

१९९६. स्थापना. उजुंगबेरुंग, शहराच्या टोकाला, कापडगिरणीच्या मागे. मी गिटार, ओपिक गायक, कुसनाडी बेस, नंदांग ड्रम्स. ड्रम्स म्हणजे बिस्किटांचे डबे. ॲम्प्लिफायर म्हणजे ओपिकच्या वडिलांचा रेडिओ. नाव 'काराट'. गंज.

१९९७. पहिला कार्यक्रम, सतरा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी, पोत्यांची शर्यत आणि बक्षीस समारंभ यांच्या मध्ये. दुसऱ्या गाण्याला वीज गेली. ओपिक म्हणतो, घालवली.

१९९९. कॅसेट. लोगो मी काढला. काटेरी. कोणालाही वाचता येत नाही, म्हणजे उत्तम. नंदांगच्या आईने विचारलं, आल्याचं चित्र कशाला छापलंत?

२००१. अधिक वेगवान झालो. २००३. संथ आणि जड. २००४. पुन्हा वेगवान. ओपिक याला गोंधळ म्हणतो. मी विकास म्हणतो.

२००६. नंदांगला विश्रांती दिली. नंतर तो गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

ओपिकला भेटलो. तो आता गाडीवर बाक्सो, रश्शातले मांसाचे गोळे, विकतो आणि पहाटे मशिदीत अजान देतो. दहा वर्षं पोटातून गुरगुरलेला गळा. अजान मात्र स्वच्छ देतो. हे कसं, विचारलं. म्हणाला, कांग (अजून दादाच म्हणतो मला), तेव्हा ओरडत होतो, आता बोलावतो.

योजना सांगितली. प्रार्थना झाली की शेजारच्या बॅडमिंटनच्या मैदानात दहा मिनिटं, एकच गाणं. तो बाक्सोचे गोळे मोजत राहिला. मग म्हणाला, कांग, लोक कुराणातलं यासीन वाचायला येतील, मान हलवायला नाही. मी म्हणालो, नंदांगला आवडलं असतं. तो म्हणाला, त्याला काय आवडत होतं ते तू केव्हापासून विचारायला लागलास?

रश्शात मिरची जास्त होती.

निघताना म्हणाला, प्रार्थनेच्या पुस्तिका छापायला गेल्यात, मुखपृष्ठाला फोटो मीच दिला, तू ये म्हणजे झालं. म्हणजे तयार आहे. ओपिकची हो म्हणायची पद्धत वेगळी.

२६ ऑक्टोबर, रविवार

पहिला सराव. स्वयंपाकघरात, मी आणि टेप. टेपवर नंदांगच्या काड्यांचे चार ठोके, मग तो सुरू होतो. मी सुरू होतो. तिसऱ्या ओळीपर्यंत तो पुढे निघून गेलेला असतो.

टेप जुनी आहे. ताणली गेली असणार.

तो जिवंत असतानाही हेच होतं. मी एक ठोका उशिरा येतो, असं त्याचं म्हणणं. तो घाई करतो, असं माझं. आठ वर्षं वाद. बाकीचे दोघे गप्प. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझ्या बाजूने घेत आलो आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

नव्या बॅटऱ्या. तरीही तो पुढे.

९ नोव्हेंबर, रविवार

कुसनाडीच्या घरी. तो लग्नांतून दांगदुत, नाचायची गाणी, वाजवणाऱ्या पार्टीत आहे. जांभळा चमचमता सदरा इस्त्री करत होता. म्हणाला, हसू नकोस, इथे लोक नाचतात तरी. आपल्या वेळी पुढे नऊजण उभे असायचे आणि त्यातला एक नंदांगचा मामा.

गाण्याचं विचारलं. इस्त्री थांबली. म्हणाला, ते गाणं मला आठवत नाही. मी दोन ओळी गुणगुणल्या. तो पायाने ठेका धरायला लागला, अगदी बरोबर, मग पाय आवरला. म्हणाला, तू त्याला काढलंस तेव्हा आम्हाला विचारलं होतंस का?

मी म्हणालो, काढलं नव्हतं. विश्रांती दिली होती.

कुसनाडी म्हणाला, हो. मग त्याने बरीच घेतली.

सदरा जळला. त्याचं खापर माझ्यावर. बेस वाजवणारे हळवे असतात. पण नाही म्हणाला नाही. दोन झाले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गिरणीतल्या मुकादमाचा टेपरेकॉर्डर आणला. त्याआधी मेहुण्याचा आणला होता. यंत्रं तीन, चूक एकच. म्हणजे चूक टेपमध्ये. हे सिद्ध झालं.

टेपच्या शेवटी, गाणं तुटल्यावर, काही बोलणं आहे. नंदांगचा आवाज. मी तिथे आल्यावर बंद करतो. सरावाला त्याची गरज नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

झोप नीट नाही. चहात जास्त साखर, त्यामुळे.

मागावर उभा असतो तेव्हा सगळे धोटे एका लयीत धावतात. मग मध्येच चार ठोके, काड्यांचे. मी मान वर करतो. कोणी नसतं. शेजारच्या मागावरची बाई म्हणाली, कांग, कोणाची वाट बघताय?

आज इमास पातेल्यावर चमचा झटकत होती. चार वेळा. मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, भात चिकटलाय, तो काढू की नको?

एक स्पष्ट करतो, म्हणजे नोंद राहील. मेसेज मी सोमवारी पाठवला, ६ मार्चला. 'आम्ही दुसरा ड्रमर बघतोय. तू फार घाई करतोस.' तो हॉस्पिटलात आहे हे मला माहीत नव्हतं. ताप आहे हे माहीत होतं. डेंग्यू आहे हे बुधवारी कळलं. शनिवारी भेटायला जाणार होतो, पण नव्या ड्रमरची चाचणी होती. रविवारी दुपारी तो गेला. त्याचं उत्तर आलं नाही. म्हणजे त्याला मान्य होतं.

४ डिसेंबर, गुरुवार

काळा शर्ट धुतला. लोगो अजून शाबूत. शनिवारची रजा मंजूर. उद्या दुपारची पाळी ओढायची की झालं.

ओपिकला मेसेज केला : सगळं ठरल्याप्रमाणे. त्याचं उत्तर : हो, ठरल्याप्रमाणे.

५ डिसेंबर, शुक्रवार

मी कामावर निघताना इमास म्हणाली, नंदांगच्या गल्लीत सकाळपासून मोठी पातेली चढलीत, नारळाचा वास पार रस्त्यापर्यंत येतोय. म्हणालो, उद्याची तयारी. ती म्हणाली, आदल्या दिवशी नारळाचं करून कोण ठेवतं? बायकांना प्रत्येक गोष्टीत शंका.

पाच वाजता ओपिकचा मेसेज : कांग, येतोस ना?

मी लिहिलं : येणारच. सगळ्यांच्या आधी.

त्यानंतर काही आलं नाही. घाबरला असेल. किती वर्षांनी वाजवायचं आहे.

६ डिसेंबर, शनिवार

दुपारी चारलाच पोचलो. गिटार, टेपरेकॉर्डर, काळा शर्ट. गल्लीत कोणी नव्हतं. भिंतीला गुंडाळलेल्या चटया टेकवलेल्या. नंदांगची आई अंगणात पातेली घासत होती.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग गिटारकडे. म्हणाली, एंतिस, काल झालं रे.

मी म्हणालो, मा, मी मोजले आहेत. आज हजार.

तिने राखेचा हात पुसला, बोटांवर मोजून दाखवलं. गेला तो दिवस पहिला. मग दुसरा. तू दुसऱ्याला पहिला धरलास. म्हणाली, तो गेला तोच दिवस कसा रे सोडलास?

मी गिटार भिंतीला टेकवली.

ती आत जाऊन खोका घेऊन आली. भात, नारळातली कोंबडी. तुझ्यासाठी ठेवलं होतं, म्हणाली. ओपिक बोललाच होता, एंतिस उशिरा येईल. खूप चांगलं वाचलं त्याने, एकदा आवाज फुटला तेवढाच. कुसनाडीने तुझी जागा धरून ठेवली होती शेवटपर्यंत, मांडी पसरून. लोक त्याला सरक म्हणत होते.

पुस्तिका दिली. मुखपृष्ठावर नंदांग, सतरा ऑगस्टचा. आम्हा चौघांच्या फोटोतून कापलेला. त्याच्या खांद्यावर एक हात आहे. मनगटापाशी संपतो. हात माझा आहे.

मी पुस्तिका मिटली. मग ती पातेल्याकडे बघत म्हणाली, त्याच्याकडे फोन कुठे होता? त्याचे निरोप माझ्याच फोनवर यायचे, तुझा मेसेजही तिथेच आला.



म्हणाली, नाही दाखवला मी त्याला. गादीवर बोटं आपटत पडलेला असायचा. परिचारिका चिडायची, म्हणायची, सुई निघेल. म्हणत होता, आई, रविवारी सराव आहे, तोवर मला बरं वाटेल ना? म्हटलं, वाटेल.

मग तिने विचारलं, काही वाजवायचं होतं का?

म्हणालो, नाही, मा. गिटार सहज बरोबर होती.

७ डिसेंबर, रविवार. सकाळ

उद्या सण. इमास मुलांना घेऊन बाजारात गेली आहे. खोका संपवला. कोंबडी चांगली होती.

टेप शेवटपर्यंत ऐकली.

गाणं तुटतं. नंदांग म्हणतो, एंतिस परत उशिरा. ओपिक आणि कुसनाडी हसतात. दोघेही. ते हसले होते हे मला आठवत नव्हतं. मग माझा आवाज : घाई तू करतोस. मग थोडा वेळ नुसती खरखर. मग नंदांग : बरं, मी करतो. परत घेऊ. थांबतो मी, तू तयार झालास की सांग.

मी तयार म्हणालो की नाही ते ऐकू येत नाही.

काड्यांचे चार ठोके.

गिटार मांडीवर होती. पहिल्याच ठोक्याला एक धरला, दुसऱ्याला नाही. बरोबर वेळेवर सुरू झालो.

टेप संपली होती.