विहाराच्या पायात सापडलेला विष्णू

सियाम रीप, कंबोडिया
५ जानेवारी १९९२

ती. ताईस,
महेंद्रचा सप्रेम जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचलो. आईला सांग, विमान पडलं नाही आणि तिनं बांधून दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा कुणी उघडूनही पाहिला नाही. इथं दोन्ही वेळा भात आणि मासळी. मी भाकरीचं नाव काढलं की आमच्या पुरातत्त्व पथकातले मद्रासकडचे लोक माझ्याकडे दयेनं पाहतात.

ज्याच्या डागडुजीला आम्ही आलोय ते देऊळ मात्र पाहतच राहावं असं आहे. भोवती तळ्यासारखा रुंद खंदक, त्यावरून दगडी वाट. मग एका आत एक लांबच लांब ओवऱ्या आणि मधोमध कमळाच्या कळ्यांसारखे पाच कळस. खंदक म्हणजे समुद्र, कळस म्हणजे मेरू पर्वत, असं मनात धरून इथल्या राजानं आठशे वर्षांपूर्वी ते विष्णूसाठी बांधलं. पुढे लोक बौद्ध झाले आणि देऊळही त्यांच्याबरोबर बौद्ध झालं. आता वर गाभाऱ्यापाशी बुद्ध आहेत आणि आवारात भंतेजी राहतात. बांधकामात चुना नाही. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांसारखा दगडावर दगड घासून बसवलेला. निखळलेला दगड मूळचा कुठला, हे नकाशे काढून ठरवायचं काम माझं. सध्या समुद्रमंथनाच्या भिंतीपाशी बसतो. देव-दानव शेकडो वर्षं नाग ओढताहेत, कुणी दमलेलं दिसत नाही.

पुढचं आईला वाचून दाखवू नकोस: लढाईतले सुरुंग अजून जमिनीत आहेत, त्यामुळे मळलेली वाट सोडायची नाही असा हुकूम आहे. मी सोडत नाही.

आईनं दिलेल्या जागेवर विहाराचा पाया खणायला घेतला का? बुद्धजयंतीला मी येईन तेव्हा भिंती तरी उभ्या दिसू देत.

लोभ आहेच, तो लगेच उत्तर पाठवून सिद्ध करावा.
तुझा, महेंद्र

तिसगाव
२ फेब्रुवारी १९९२

चि. महेंद्रास,
ताईचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

सुरुंगाचं मी वाचून दाखवलं नाही, पण तिथं अडखळले आणि आईनं ओळखलं. आता ती रोज रेडिओवर बातम्या ऐकते. म्हणजे दोष तुझाच.

तुझा विष्णू आमच्याकडेही आलाय. थट्टा नाही. पाया खणताना कंबरेइतक्या खोलीवर पहार खणकन वाजली आणि काळ्या दगडाची मूर्ती निघाली. चार हात, शंख-चक्र, नाक तेवढं फुटलेलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या बायका हळद-कुंकू घेऊन हजर. मग माणसं आली. म्हणे इथं पूर्वी देऊळ होतं, तेव्हा विहाराचं काम थांबवा. आपल्या वस्तीतला छगन उसळला. छप्पन्न साली दीक्षा घेताना सोडलेला देव आता वस्तीत नको, घणानं फोडून पायातच भरू, म्हणाला. पोरं त्याच्या बाजूनं झाली. सरपंच आप्पासाहेबांनी शहाण्यासारखं दोन्हीकडच्यांना घरी पाठवलं, पण काम बंद आहे आणि किराणा दुकानातसुद्धा माणसं एकमेकांकडे न बघता साखर घेताहेत.

मी शनिवारी शेवगावहून शाळा करून आले, तर आईनं मूर्तीवर गोणपाट टाकलेलं आणि ती शेजारी खाट टाकून राखणीला बसलेली. कुणी फोडू नये म्हणून आणि कुणी पुजू नये म्हणूनही. तिनं तुला विचारायला सांगितलंय, तिकडच्या बौद्धांनी आपल्या जुन्या विष्णूचं काय केलं? नीट चौकशी करून लिही. या प्रश्नात तुझी थट्टा नको, असंही सांगितलंय.

जिवाला जपावं, वाटेवरूनच चालावं, हीच मागणी.
तुझी ताई, जयमाला

सियाम रीप
२७ फेब्रुवारी १९९२

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आईला सांग, नीट चौकशी केली.

इथं पश्चिमेच्या दरवाजात आठ हातांचा, माणसाहून उंच विष्णू उभा आहे. बौद्ध लोक त्याला फुलं वाहतात, उदबत्ती लावतात, राखणदार म्हातारा मानतात आणि आत जाऊन बुद्धाला वंदन करतात. एका वयस्क भंतेजींना मी दुभाष्यामार्फत विचारलं. विहार बंद पाडणाऱ्या मागच्या एका राजवटीत त्यांचं चीवर उतरवून त्यांना भातशेतीत राबवलं होतं. ते म्हणाले, हा आमच्या आधीपासून इथं आहे, त्याला उन्हात कशाला काढायचं?

पण सगळी गोष्ट एवढी गोड नाही. जवळच्या दुसऱ्या देवळात एका शिवभक्त राजाच्या काळात भिंतीवरचे बुद्ध छिन्नीनं खरवडून काढलेत. कोनाडे तसेच आहेत, आत नुसते ओरखडे. तिथं उभं राहिलं की कलाकुसर दिसत नाही, फक्त तो राग दिसतो. म्हणून छगनला सांग, घण नको.

तरी इथलं तिथं लागू करू नका. इथल्या लोकांना विष्णूच्या नावानं कुणी उंबऱ्याबाहेर ठेवलं नव्हतं, आपल्याला ठेवलं होतं. आईनं त्याला न पुजण्याची प्रतिज्ञा घेतलीय, तिनं फूल वाहायचं कारण नाही. मला विचाराल तर मूर्ती नगरच्या संग्रहालयात द्यावी.

लोभाबरोबर थोडी चटणीही पाठवावी.
तुझा, महेंद्र

तिसगाव
२९ मार्च १९९२

चि. महेंद्रास,
ताईचा जयभीम व आशीर्वाद.

चटणी पाठवतेय. संग्रहालयाचा सल्ला मात्र आईनं ऐकला आणि बाजूला ठेवला. तुझं पत्र तिनं छगनला दोनदा वाचायला लावलं. ओरखड्यांचं वाचून त्यानं घण घरी नेऊन ठेवला. मग आई एकटी आप्पासाहेबांच्या दारात गेली. त्यांना म्हणाली, "मूर्ती तुमचीच हाय, खुशाल न्या. पन गडी पाठवून न्हाई. घरची मानसं घिऊन या, माझ्या ओट्यावर बसा, माझ्या हातचं पानी प्या, मग न्या."

तुला माहीत आहे, गावातल्या जुन्या माणसांनी वस्तीत पाण्याला कधी तोंड लावलेलं नाही. हॉटेलात चालतं, घरात नाही.

ठरल्या सकाळी ट्रॅक्टर आला. काही माणसं गल्लीच्या तोंडाशीच थबकली, दोघं-तिघं तर माघारी गेली. आप्पासाहेब ओट्यावर बसले, पण समोरच्या तांब्याकडे नुसते बघत राहिले. तेवढ्यात त्यांची म्हातारी आई, कडूबाई, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दोघांच्या आधारानं उतरली. आईशेजारी टेकली, पेला उचलला आणि घटाघट प्यायली. मग रिकामा पेला पुन्हा पुढे केला. आई दुसऱ्यांदा ओतायला लागली आणि निम्मं पाणी स्वतःच्याच पदरावर. आप्पासाहेब खाली मान घालून प्याले. मग बाकीचे. मग मी चहा टाकला, त्यालाही कुणी नको म्हटलं नाही.

मूर्ती त्यांच्याच्यानं हलेना. शेवटी छगन आणि पोरांनी खांदा दिला. ही भक्ती नाही, व्यायाम आहे, असं तो मोठ्यानं सांगत होता. ट्रॉली वळेपर्यंत आई उभी होती. नमस्कार केला नाही, पाठही फिरवली नाही. दुसऱ्या दिवशी पाया पुन्हा खणायला घेतला.

संध्याकाळी पेले घासताना मी विचारलं, एवढं पाणी पदरावर कसं सांडलं? तिनं घासलेला पेला फडक्यानं पुसला. मग म्हणाली, "साऱ्या जन्मात कुनी दुसऱ्यांदा मागितलंच नव्हतं गं."

वेळेवर यावं, आणि आईच्या मायेत माझीही धरावी.
तुझी ताई, जयमाला