देवीपुढचं व्हायोलिन

कलकत्ता,
वसंत पंचमी, १९५२

तीर्थरूप अण्णांना प्रेमलताचा साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. आईचा खोकला थांबला का?

उद्या हावड्याच्या संगीत संमेलनात पहिल्यांदाच एकटीनं वाजवायचं आहे. गायकाच्या साथीला बसलात तर दरवर्षी बोलावू, असं संयोजक म्हणाले होते. मी नाही म्हटलं.

आज इथे सरस्वतीपूजा. सकाळी रियाजाला बसले, तर घरमालकीणबाई धावत आल्या. आपण दसऱ्याला वाद्य पुजतो आणि मग वाजवतो. इथे आजच्या दिवशी वाद्याला कुणी हात लावत नाही. त्यांनी माझं व्हायोलिन देवीपुढे ठेवून वर झेंडूचं फूल वाहिलं. पोटच्या मुलीसारखं वागवतात, वाद घालवेना.

मग आईनं दिलेलं लाटणं गळ्याशी टेकवून दुपारभर त्यावर बोटं फिरवली. सूर मनात ऐकू येत होते, चुकलेलेसुद्धा.

मधलं बोट आता बरं आहे. सकाळी थोडं आखडतं, इतकंच. आईला सांगू नका.

साथीवरही पोट भरतं, हट्ट सोड, असं तुम्ही लिहिलंत. पण अण्णा, तुम्ही जन्मभर गाणाऱ्यांच्या मागून वाजवलंत. उद्या मी गज उचलीन, तेव्हा माझ्यापुढे कुणी नसेल.

तुमचीच,
प्रेमा