साक्षीची वेळ

प्रिय अब्दियास,

प्रभूमध्ये सलाम आणि आईचे आशीर्वाद. चार गल्ल्यांपलीकडे राहणारी आई पत्र कशाला लिहिते, म्हणून हसशील. हस. नगरपालिकेत आले की तुझा कारकून मला खुर्ची देतो, कॉफी देतो आणि बाहेरच बसवून ठेवतो. आत सोडलंच, तर माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत नगराध्यक्षसाहेब, म्हणजे तूच, बायबलातलं एक वचन सांगून मोकळा होतोस. कागद तरी मधे बोलणार नाही.

आधी घरचं सांगते. मका ह्या वर्षी बरा आला. तुझी ती लंगडी कोंबडी अजून जिवंत आहे आणि भलतीच आगाऊ झाली आहे. शनिवारी मक्याच्या पिठाचे तमाले उकडले, तुझ्या वाटणीचे झाकून ठेवले, आणि तू आला नाहीस तेव्हा शेजारच्या रुफिनाला दिले. ती अजून प्रार्थनेत तुझं नाव घेते, कारण गुत्ते बंद झाल्यापासून तिचा नवरा घरी शुद्धीवर येतो. खरं आहे ते, मी नाकारत नाही. तू गुत्त्यांना कुलपं लावलीस त्या दिवशी मीही गुडघे टेकले होते. तुझ्या बापाला तिथून उचलून आणायला लहानपणी तुलाच जावं लागायचं. तेव्हाचं तुझं तोंड मी विसरलेले नाही. तू हे का केलंस, ते ह्या गावात माझ्याइतकं कुणाला कळणार?

पण नोए. तुझा धाकटा भाऊ बापावर गेला, ते काही मी तुला सांगायला नको. त्यावर आम्हाला एकच उपाय सापडला होता. रविवारी मंडळीच्या उपासनेत पाळक उर्बानो साक्षीच्या वेळी विचारायचे, कुणाला काही सांगायचंय का, की हा दांडगा उठायचा आणि मान खाली घालून म्हणायचा, भावांनो, मी पुन्हा पडलो. मग तो भजनांना वाजवायचा ती गिटार काढून घ्यायची, मागच्या बाकावर बसवायचं, प्रभुभोजनाची भाकर बंद. म्हाताऱ्या बायका त्याच्या डोक्यावर हात ठेवून रडायच्या आणि मला मेलीला लाज वाटायची. पण त्यानंतर कितीतरी महिने तो थेंबालाही शिवायचा नाही. मळ्यावर कॉफी तोडायला जायचा, गिटार परत मिळवायचा, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त टिकायचा. तू म्हणायचास, हा काय पोरखेळ आहे. असेल. पण तो आपल्या पायांनी उठून उभा राहायचा रे.

मग तुझा हुकूम निघाला. जो प्यायलेला सापडेल किंवा तसं कबूल करेल, त्याने कोठडीत बसायचं आणि चौक झाडायचा. नोएला वाटलं, हुकूम चौकासाठी आहे, मंडळीसाठी नाही. वेडाच तो. नेहमीसारखा उठला आणि सांगून बसला. पाळकांचा हात अजून त्याच्या डोक्यावर होता. तू पहिल्या बाकावरून उठलास, माझ्याकडे न बघता बाहेर गेलास आणि शिपायाला आत पाठवलंस. दुसऱ्या दिवशी मी मक्याच्या तोर्तिया बांधून चौकात गेले, तर तो झाडत होता आणि शाळेतली पोरं त्याच्या चालण्याची नक्कल करत होती. कायद्याला भाऊ नसतो, असं तू म्हणालास. गावाने तुझी वाहवा केली.

तेव्हापासून साक्षीची वेळ येते आणि सगळे बसून राहतात. कुणी उठलंच, तर देवाच्या कृपेने सगळं छान चाललंय म्हणतं आणि बसतं. एवढी पापं एकदम गेली कुठे, असं पाळकांनी मला विचारलं. आम्ही दोघंही हसलो, मग पाळक रिकामी बाकं सरळ करायला लागले. नोए तर यायचाच बंद झाला. म्हणायचा, तिथे मी देवाला सांगतोय की पोलीस ठाण्याला, तेच कळत नाही. ओढ्यापलीकडे हातभट्टीची मिळते. तिच्यात काय मिसळतात देव जाणे. आता तो माझ्या खाटेवर पडून आहे. पोटात पाणी झालंय, डोळे पिवळेजर्द झालेत. आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण म्हणाली, फार उशीर झाला, घरीच ठेवा. चमच्याने मक्याची पेज पाजण्यापलीकडे मला काही करता येत नाही.

तुला दोष देत नाही. बाटली त्यानेच उचलली. पण बाळा, माणसाला कोठडीत घालणं तुझ्या हातात आहे, त्याला पस्तावा आणणं नाही. ते देवानेसुद्धा जबरदस्तीने केलेलं मी पाहिलं नाही.

काल नोए म्हणाला, ह्या रविवारी मला मंडळीत ने, एकदा उठून सांगायचंय. रुफिनाचा नवरा आणि पाळक त्याला दोन्हीकडून धरतील. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पण दादा समोर बसणार असेल तर नको, आई. मी बोललो की त्याला पुन्हा शिपाई बोलवावा लागेल. त्याला कशाला ते करायला लावू?"

मी म्हटलं, दादा आहे तो तुझा, नाही बोलवणार. म्हटलं खरं, पण माझाच माझ्यावर विश्वास बसला नाही. मी तुला ओळखते. ऐकून न ऐकल्यासारखं करणं तुला येत नाही. म्हणून हे लिहायला बसले. अब्दियास, ह्या रविवारी तू मंडळीत येऊ नकोस. तुझं बोट धरून त्या दारातून तुला पहिल्यांदा मीच आत नेलं होतं, आणि आज मीच येऊ नको म्हणते आहे. लोकांना काय बोलायचं ते बोलू दे. घरी बस, दार लावून प्रार्थना कर, हवं तर माझ्यावर राग धर. पण त्याला एकदा देवाशी बोलू दे.

तुझीच, आणि त्याचीही,
आई